नवी शाळा उभी राहीपर्यंत

सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली माणसं दोन-तीन पिढ्यांपासून राहतात. कुणी लूमवर आहे, कुणी डाइंग मिलमध्ये, कुणी रिंग रोडच्या कापड बाजारात पार्सलं वाहतं. त्यांच्यातल्या पुष्कळांची मुलं महापालिकेच्या शाळांत शिकतात. इथली नगर प्राथमिक शिक्षण समिती सात माध्यमांच्या शाळा चालवते: गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी. अशाच एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी नोकरीची सगळी वर्षं घालवली. सहावी ते आठवीचे वर्ग माझ्याकडे असायचे, आणि शेवटी मुख्याध्यापिका झाले. त्याच काळात आमची जुनी इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. शाळा व्यवस्थापन समितीच्या पहिल्या बैठकीपासून नव्या वर्गात घंटा होईपर्यंत मी त्या कामात होते. निवृत्तीनंतर आणखी काही शाळांच्या पालकांनी सल्ल्याला बोलावलं, तेव्हा जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे.

नवी शाळा म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर रंगवलेली इमारत येते. आर्किटेक्टचं रंगीत चित्र भिंतीवर लागतं, फोटो निघतात. माझं ठाम मत आहे की अशा कामाचा पहिला कागद इमारतीचा नसावा, मुलांचा असावा. जुनी शाळा पडल्यापासून नवी उघडेपर्यंतच्या काळात मुलं हातून निसटतात. ती निसटली तर नवी इमारत कितीही चांगली झाली तरी त्या मुलांना तिचा काय उपयोग?

१. पाडायचं का, याचं उत्तर तपासणीतून येऊ द्या

स्लॅबचे पोपडे पडू लागले की शिक्षक घाबरतात, आणि ते बरोबरच आहे. पण पोपडे पडतात म्हणून सगळी इमारत गेली असं नाही, आणि भिंती गुळगुळीत दिसतात म्हणून ती ठीक आहे असंही नाही. सुरतेची हवा दमट, समुद्र जवळ. काँक्रीटच्या आत ओल शिरते, सळई गंजून फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून देते. किती सळई शिल्लक आहे, काँक्रीटची ताकद किती उरली आहे, हे स्ट्रक्चरल ऑडिटमध्येच कळतं. हॅमर लावून पृष्ठभाग तपासतात, कोअर काढून प्रयोगशाळेत दाबून पाहतात. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचं केंद्र कच्छमध्ये, इथून शेकडो किलोमीटर लांब होतं. तरी सुरतेत इमारती कोसळल्या आणि माणसं गेली. ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांना ऑडिटची गरज समजावून सांगावी लागत नाही.

या अहवालाचा आणखी एक उपयोग आहे. शाळा पाडणार असं कळलं की वस्तीत पहिली बातमी फिरते ती “मराठी शाळा बंद करताहेत” अशी. ती एकदा फिरली की पालक दाखले मागायला येतात. आम्ही अहवालाचा सारांश साध्या मराठीत लिहून फाटकावर लावला, पालकसभेत इंजिनिअर साहेबांना बोलवलं आणि कुठला खांब का धोक्याचा आहे ते जागेवर नेऊन दाखवायला सांगितलं. ज्या बापाने स्वतःच्या डोळ्यांनी गंजलेली सळई पाहिली, तो दाखला न मागता “मग लवकर बांधा” म्हणून घरी गेला.

२. मुलं कुठे बसणार, हे आधी लिहून घ्या

माझ्या सगळ्या अनुभवाचा गाभा हाच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

शिक्षण हक्क कायद्याच्या आदर्श नियमांत पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी असं म्हटलं आहे. मूल मोठं झालं की लांब चालू शकतं, हा त्यामागचा विचार. नकाशावर तो पटतो. पण आमच्या भागात ३ किलोमीटरच्या त्या वर्तुळात काय काय येतं? रेल्वेचे रूळ येतात, खाडी येते, ट्रकांनी भरलेला रस्ता येतो, आणि पावसाळ्यात पाण्याने भरणारं रेल्वेखालचं गरनाळं येतं. एका आईने सभेत उभं राहून विचारलं, “मॅडम, पोर बारा वरीसनी व्हई गयी, इतली दूर कशी धाडू?” तिच्या प्रश्नाने मला सगळा नियम उलटा वाचायला लावला. पहिलीतलं लेकरू लांबच्या शाळेत टाकावं लागलं तर आई त्याला कडेवर घेऊन जाईल. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला मात्र ती घरी ठेवील.

आणि घरी ठेवलेली मुलगी रिकामी बसत नाही. आमच्या वस्तीत घरोघरी साड्यांचं धागा कटिंग चालतं, टिकल्या-खडे लावायचं काम येतं. दहा-पंधरा दिवस शाळा चुकली की मुलगी आईशेजारी साडी घेऊन बसते. मुलगा असेल तर मामाच्या ओळखीने साडी फोल्डिंगला लागतो. पहिल्या पगाराचे पैसे घरात आले की त्या मुलाला परत वर्गात आणणं फार अवघड जातं. सहावी ते आठवी ही नेमकी त्या वळणावरची तीन वर्षं आहेत.

म्हणून पर्याय तोलताना आम्ही अंतराच्या जोडीला वाट कशी आहे ते पाहिलं. मंगल कार्यालय भाड्याने घ्यायचं तर लग्नसराईत ते सोडावं लागतं. पत्र्याच्या शेड उभारायच्या तर सुरतेच्या एप्रिल-मेमध्ये त्यांत बसवत नाही, आणि बांधकामाच्या खडी-सळईच्या शेजारी मुलं ठेवणं धोक्याचं. अर्धी इमारत पाडून अर्धीत शाळा चालवणं जागा मोठी असेल आणि उरलेला भाग ऑडिटमध्ये खरोखर मजबूत ठरला असेल तरच करावं, तेही मध्ये पक्की पत्र्याची आडभिंत आणि मुलांसाठी स्वतंत्र फाटक असेल तर. आमची जागा लहान होती. शेवटी शेजारच्या महापालिका शाळेत दुपारच्या पाळीत वर्ग भरवायचं ठरलं.

पाळीचं गणित मात्र बारकाईने करावं लागतं. कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला वर्षात किमान २२० दिवस आणि १००० तास शिकवणं झालं पाहिजे. म्हणजे दिवसाला साधारण साडेचार तास निव्वळ शिकवणं. एका इमारतीत दोन पाळ्या असल्या की सकाळची मुलं बाहेर पडणार, झाडलोट होणार, दुपारची आत येणार, प्रार्थना, जेवण. पाच तासांची पाळी असेल तर यातच अर्ध्या तासाहून जास्त जातो. डिसेंबरात सहाच्या सुमाराला अंधारतं, म्हणून पाळी पुढे ढकलता येत नाही. आम्ही दोन्ही मुख्याध्यापिकांनी मिळून मिनिटांचं वेळापत्रक केलं. प्रार्थना वर्गातच घेतली, जेवणाची रांग दोन ठिकाणी लावली. अन्न बाहेरून गाडीने येतं, त्या गाडीला पत्ता आणि वेळ बदलल्याचं लेखी कळवलं होतं. नाहीतर पहिल्याच दिवशी मुलं उपाशी राहिली असती, आणि आमच्या काही मुलांचं दिवसातलं पहिलं पोटभर जेवण तेच असतं.

वाटेची सोय आयांनी केली. लूमवर दिवसपाळी-रातपाळी आळीपाळीने बदलते, त्यामुळे प्रत्येक गल्लीत दुपारी मोकळं असणारं कुणीतरी सापडतंच. गल्लीवार मुलांचे गट केले, प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस. गरनाळ्यात पाणी भरलं तर कुठल्या रस्त्याने यायचं, तेही ठरवून ठेवलं. सलग तीन दिवस मूल आलं नाही की चौथ्या दिवशी वर्गशिक्षक घरी जाणार, हा नियम सगळ्या शिक्षकांनी पाळला. फोनवर पालक “बरं नाही” म्हणतात. घरी गेलं की साडीचा गठ्ठा दिसतो. त्या सहकाऱ्यांनी दुपारच्या उन्हात त्या गल्ल्या तुडवल्या म्हणून आमचे वर्ग टिकले. त्यांचं ऋण मी विसरू शकत नाही.

३. जनरल रजिस्टर आधी हलवा

बाकं, फळे, कपाटं नंतर जातील. आधी जनरल रजिस्टरं. स्थलांतरित कुटुंबात पुष्कळदा आजोबांच्या जन्मतारखेचा आणि जातीचा एकमेव लेखी पुरावा शाळेच्या रजिस्टरातली ती एक ओळ असते. धुळे-जळगावहून नातू जातीच्या दाखल्यासाठी कागद शोधत सुरतेला येतो, तेव्हा आपल्याकडे ती ओळ असलीच पाहिजे. २००६ च्या पुरात सुरतेत किती घरांचे कागद भिजून गेले ते आम्ही पाहिलं आहे. सगळी जुनी पानं स्कॅन करून घ्या, एक प्रत शिक्षण समितीच्या कार्यालयात ठेवा, मूळ रजिस्टरं लोखंडी कपाटात वरच्या मजल्यावर ठेवा. शाळेचा यू-डायस क्रमांक तात्पुरत्या जागेतही तोच राहणार, पटसंख्या दुसऱ्या शाळेत मिसळणार नाही, हेही लेखी घ्या. दोन शाळा एका छताखाली आल्या की विलीनीकरणाची चर्चा सहज सुरू होते, आणि मराठी माध्यमाचा पट आधीच इंग्रजी-गुजरातीकडे ओसरतो आहे.

४. जागेचे कागद आणि पाण्याची खूण

गुजरातमध्ये शहरातली शाळेची जागा बहुधा टीपी (नगररचना) स्कीममधून येते. १९७६ च्या नगररचना कायद्याखाली शेतजमिनी एकत्र करून त्यांची पुनर्वाटणी होते, त्यात रस्ते, बागा यांच्याबरोबर शाळा-दवाखान्यांसारख्या सोयींसाठीही हिस्सा काढून ठेवतात. ही पद्धत चांगली आहे. तिच्यामुळेच दाट वस्तीतही शाळेला भूखंड मिळतो. पण जुन्या शाळेची जागा टीपीच्या नकाशात नेमकी कुठे संपते, रस्ता रुंद होणार असेल तर मैदानाचा किती पट्टा जाणार, हे आराखडा काढण्याआधी मोजून घ्या. फायनल प्लॉटचा नंबर, मोजणीचा नकाशा आणि जागेवरची भिंत या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय आर्किटेक्टला रेघ ओढू देऊ नका.

मग पाणी. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला. लिंबायतकडे तापीच्या पुराइतकीच खाडीची भीती असते. मिठी खाडी मोठ्या पावसात घरांत शिरते. २०२५ च्या जूनमध्येही खाड्या फुगल्या आणि शाळांना सुट्ट्या द्याव्या लागल्या. म्हणून जोत्याची उंची ठरवताना कागदावरच्या आकड्याबरोबर वस्तीतल्या जुन्या माणसांना विचारा. आमच्या शेजारच्या एका दुकानदार काकांनी दाराच्या चौकटीवर पाणी कुठवर आलं होतं त्याची रेघ ठेवली होती. इंजिनिअरने तिथे लेव्हल लावून पाहिली आणि जोतं वाढवलं.

जोतं वाढलं की रॅम्पही वाढतो, हे बैठकीत कुणाच्या लक्षात येत नाही. रॅम्पचा उतार १ ला १२ असावा लागतो. जोतं ९० सेंटीमीटर उंच असेल तर रॅम्प जवळजवळ ११ मीटर लांब होतो, आणि वर-खाली सपाट जागा वेगळी. आराखड्यात त्याला आधीच जागा ठेवली नाही तर शेवटी घसरगुंडीसारखा खडा उतार होतो आणि चाकाच्या खुर्चीतलं मूल तिथे पायथ्याशीच थांबतं. विजेचं पॅनेल, पाण्याचा पंप, वाचनालय आणि कार्यालय यांतलं काहीही पाण्याच्या रेघेखाली येऊ देऊ नका.

५. काळ्या मातीचं पालकांना विचारा

आमच्या पालकांतले बरेच जण गावी कापूस पिकवणाऱ्या घरांतले. काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते, हे त्यांना लहानपणापासून माहीत. आमच्या जागेखालीही तीच माती निघाली. अशा मातीवर उथळ पाया घातला तर जमीन हलते आणि भिंतींना तिरके तडे जातात. माती तपासणीचा अहवाल टेंडरच्या आधी हवा, मागून नको, कारण पायाचा प्रकार बदलला की सगळा खर्च बदलतो आणि काम मध्येच अडकतं. काम अडकलेला प्रत्येक महिना म्हणजे मुलांचा दुपारच्या पाळीतला आणखी एक महिना. पैसे वाचवायचे तर रंगात वाचवा, पायात वाचवू नका.

६. जिना

२४ मे २०१९ ला सुरतेतल्याच सरथाण्यात तक्षशिला आर्केडला आग लागली. वरच्या मजल्यावर क्लास चालत होता. वर जायचा जिना लाकडी होता, तो जळाला. २२ विद्यार्थी गेले. खिडकीतून उड्या मारणारी मुलं सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिली, पण आम्ही सुरतेतल्या शिक्षकांनी पुढच्या कित्येक रात्री ती डोळे मिटल्यावर पाहिली. त्याआधी २००४ मध्ये तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुलं जळून गेली होती. त्या आगीनंतर सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेलं आणि २००९ च्या निकालात शाळांच्या अग्निसुरक्षेचे आदेश निघाले.

आमचा आराखडा चर्चेला आला तेव्हा जागा वाचवायला एकच मोठा जिना सुचवला गेला होता. पालकांनी एका आवाजात नाही म्हटलं. दोन जिने, एकमेकांपासून दूर, दोन्ही पक्क्या काँक्रीटचे, दोन्ही थेट उघड्यावर उतरणारे. राष्ट्रीय इमारत संहितेत शाळेच्या जिन्याची रुंदी किमान दीड मीटर सांगितली आहे. आठवीच्या वर्गातली मुलं दप्तरं घेऊन एकदम बाहेर पडताना पाहिली की दीड मीटर कमीच वाटतो. जिन्याखाली कधीही सामान नको. कॉरिडॉरच्या जाळीला बाहेर उघडणारी दारं हवीत आणि त्यांची किल्ली कुलुपालाच लटकलेली हवी. गच्चीवर पुढे कधी पत्र्याचा वर्ग चढवायचा नाही, असा ठराव आम्ही समितीत करून घेतला. आज पट वाढला की उद्या कुणालातरी गच्ची आठवते, म्हणून तो ठराव लेखी हवा.

आगीची तालीम नव्या इमारतीतल्या पहिल्याच आठवड्यात घ्या. तात्पुरत्या जागेतही घ्या. मुलं तिथे पाहुणी असली तरी धूर पाहुण्यांना वेगळा लागत नाही.

७. मुलींना विचारून स्वच्छतागृह बांधा

सहावी ते आठवी ही मुलींची पाळी सुरू होण्याची वर्षं आहेत. एवढं एक वाक्य आराखड्याच्या बैठकीत मोठ्याने म्हणायला मला सुरुवातीला धीर गोळा करावा लागला, कारण टेबलाभोवती बहुतेक पुरुष होते. म्हटल्यावर मात्र सगळ्यांनी ऐकलं, आणि इंजिनिअर साहेबांनी आपणहून वही पुढे ओढली.

दर ४० मुलांमागे एक शौचकूप हा स्वच्छ विद्यालय मोहिमेतला हिशोब ठीक आहे, पण तो आकड्याचा हिशोब झाला. सातवी-आठवीच्या मुलींना आम्ही शिक्षिकांनी वेगळं बसवून विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याच नकाशात नव्हतं. दार मुलांच्या मैदानाकडे उघडू नये. आतली कडी खरोखर लागावी. ओढणी आणि दप्तर अडकवायला खुंटी हवी, ओल्या जमिनीवर ठेवावं लागू नये. नळाला दुपारीही पाणी असावं. पॅड टाकायला झाकणाचा डबा आतच हवा, बाहेर सगळ्यांसमोर नको. एक मुलगी म्हणाली, खिडकी एवढी उंच असू दे की बाहेरून कुणी डोकावलं तर दिसणार नाही, पण उजेड येईल. या सगळ्याला मिळून इमारतीच्या खर्चात जेमतेम भर पडली, कारण आराखड्यातच सांगितलं होतं. बांधून झाल्यावर दार फिरवायचं म्हटलं असतं तर भिंत फोडावी लागली असती.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. या बायका सहीपुरत्या नसाव्यात. नकाशा त्यांच्यासमोर जमिनीवर पसरा, त्यांना बोटाने रस्ता दाखवायला सांगा: फाटकातून वर्गात, वर्गातून नळावर, नळावरून स्वच्छतागृहात. नकाशा वाचता येत नाही असं म्हणणाऱ्या आईने आमच्याकडे बोट फिरवता फिरवता सांगितलं की शिपाईमामांच्या खोलीतून मुलींचं दार दिसत नाही, तिथे कुणी उभं राहिलं तर कळणार कसं? खोलीची जागा बदलली.

८. ऊन आणि खोल्या

दुपारच्या पाळीत बसलेल्या मुलांना पश्चिमेच्या खिडकीचा त्रास काय असतो ते विचारा. सुरत कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मार्चपासूनच तीन वाजताचं ऊन फळ्यावर येऊन काही वाचू देत नाही. इमारतीची लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंडाची ठेवा, पश्चिमेला जिना नाहीतर भांडार द्या, नैऋत्येचा वारा आडवा येऊ द्या.

खोल्यांची संख्या गेल्या वर्षीच्या पटावरून ठरवू नका. सहावी ते आठवीत ३५ मुलांमागे एक शिक्षक हा निकष आहे. आसपासच्या कुठल्या प्राथमिक शाळांतून पाचवी पास होऊन मुलं येतात, तिथल्या तिसरी-चौथीत आज किती मुलं बसली आहेत, हे स्वतः जाऊन मोजा. कायद्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा करायचाच असतो, त्यात हे आकडे घाला. एका आवारात दोन माध्यमांच्या शाळा येणार असतील तर प्रयोगशाळा, वाचनालय आणि मैदान एकत्र ठेवा, कार्यालयं आणि रजिस्टरं वेगळी. मुलं मैदानात भाषा विचारत नाहीत.

९. कॅलेंडर आपलं धरा

गुजरातेत उन्हाळ्याची सुट्टी मेच्या सुरुवातीला लागते आणि जूनमध्ये शाळा उघडते. आमची मुलं मात्र त्याआधीच, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला भुसावळकडच्या गाड्यांनी गावी जायला लागतात. म्हणून जागा बदलायची सूचना मार्च-एप्रिलमध्येच, परीक्षेच्या दिवसांत, प्रत्येक घरी हातात द्यायची. सुट्टीत फाटकावर लावलेला कागद कुणीच वाचत नाही. जूनमध्ये मूल जुन्या शाळेपुढे येतं, पाडलेल्या भिंती पाहतं आणि घरी परततं. गावी लग्न लागलं, पाऊस लांबला, असं होऊन काही मुलं जुलैत उगवतात. त्यांच्यासाठी जुन्या फाटकाजवळ नव्या जागेचा पत्ता सांगायला माणूस ठेवला होता.

बांधकामाचंही तसंच. पाया पावसाआधी जमिनीवर आला नाही तर खड्डे पाण्याने भरतात. दाहोद-झाबुआकडचे मजूर होळीला गावी जातात, दिवाळीतही काम थंडावतं. कंत्राटदाराचं वेळापत्रक हे दिवस वगळून केलेलं आहे का, ते विचारा. नसेल तर त्यातली शेवटची तारीख खरी धरू नका, आणि दुपारच्या पाळीची परवानगी त्याहून एक सत्र जास्त घ्या.

शेवटच्या टप्प्यात घाईचा दाब येतो. रंग झाला, उद्घाटनाची तारीख निघाली, आता मुलं बसवून टाका, असं चारी बाजूंनी म्हणतात. फायर एनओसी आणि बीयू (इमारत वापराची) परवानगी हातात आल्याशिवाय एकही वर्ग भरवू नये. पाण्याच्या टाक्या धुऊन पाणी तपासलेलं असावं, जाळ्यांची दारं उघडून पाहिलेली असावीत. मुलांनी एवढे महिने दुसऱ्याच्या बाकावर काढले. आणखी दोन आठवडे ती काढतील.

१०. सही करण्याआधी

तुमच्या मुलांची शाळा पाडायची ठरली असेल, तुम्ही समितीत असाल किंवा नुसते पालक असाल, तर पुढच्या बैठकीला नक्की जा. रंगीत चित्र पाहा, आनंद वाटू द्या. मग उभे राहून विचारा: जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी माझी मुलगी कुठल्या इमारतीत, कुठल्या वर्गात, किती वाजता बसणार आहे, आणि तिथे ती कुणाबरोबर चालत जाणार आहे? उत्तर लेखी मागा. ते मिळेपर्यंत पाडकामाच्या ठरावावर सही करू नका.